40 अँपिअरचं प्लाझ्मा मशीन, नऊ महिन्यांनंतर: मशीन ठीक, मागची वाटी डोक्यात जाते

माझ्या पत्रा कापायच्या प्लाझ्मा मशीनच्या टोकाचे तीन नोझल जुलैत एका दिवसात जळाले, तेव्हा मी मशीन स्कूटरवर बांधलं आणि नागपूरच्या इतवारीत दुकानदाराच्या काउंटरवर नेऊन ठेवलं. गॅरंटी आहे, बदलून द्या. तो म्हणाला, नोझल-इलेक्ट्रोड गॅरंटीत येत नाहीत. मी म्हणालो, नोझल नको, मशीनच बदला. अर्धा तास वाजलं आमचं. शेवटी त्याने सर्व्हिसच्या पोराला पुढे केलं.

पोरगं शांत होतं. त्याने मशीनकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "काका, घरचा कूलर चालून राहिला का सध्या?"

"नाही बा. पावसाळ्यात नुसती चिकचिक होते."

"मग मशीनचंही तेच होऊन राहिलं."

तेव्हा राग आला होता. आज कबूल करतो की पोरगं बरोबर होतं. पण अर्धंच, आणि उरलेल्या अर्ध्यासाठीच हे लिहायला बसलो.

मशीन फेब्रुवारीत घेतलं. सिंगल फेज, पीटी-31 टॉर्च, म्हणजे कापताना हातात धरायची मूठ. हिंगणा रोडला माझं शेड आहे, कूलरच्या बॉडी आणि स्टँड बनवतो. पंख्याचा गोल काढायला आधी छिन्नी आणि कात्री चालायची, आता कंपास लावून मिनिटात गोल निघतो. मार्च ते मे मी या मशीनचं कौतुक करत फिरलो. नोझल आणि त्याच्या आतला इलेक्ट्रोड, अशी एक जोडी दोन-दोन दिवस पुरायची. वहीत लिहून ठेवतो मी, जोडीला 65 रुपये.

उन्हाळ्यात एकच तक्रार होती, दुपारी पिवळा दिवा लागून मशीन थांबायचं. ड्युटी सायकल 60 टक्के लिहिली आहे, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं कटिंग. पण तो आकडा 40 अंश तापमानाला धरलेला असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, वर पत्र्याचं शेड. दिवा लागला की मी रागाने बटणच बंद करायचो. ते चूक. बटण चालू ठेवायचं, म्हणजे पंखा फिरत राहतो आणि मशीन लवकर थंड होतं.

आता त्या वाटीबद्दल. हे मशीन कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेवर चालतं. त्या हवेचा फिल्टर मशीनच्या मागे आहे, खाली पारदर्शक वाटी. तिच्यात पाणी साचतं आणि ते काढायचा खटका वाटीच्या बुडाशी. मशीन टेबलावर ठेवलं की खटका आणि टेबल यांच्यात बोटही जात नाही! म्हणजे दर तासाला मशीन उचला, कडेला आणा, एका हाताने तोलून धरा, दुसऱ्या हाताने खटका दाबा, पाणी पायावर घ्या. प्रेशरचा काटा भिंतीकडे तोंड करून. ज्याने हे बनवलं त्याने स्वतः एकदा तरी पाणी काढून पाहिलं असेल का? चार रबरी बूट एक इंच उंच लावले असते तर काय दहा रुपये वाढले असते?

आणि वाटी रिकामी ठेवली तरी उपयोग नव्हता, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते. तापलेल्या हवेतलं पाणी वाफेच्या रूपात असतं आणि हा फिल्टर फक्त थेंब अडवतो. माझा कॉम्प्रेसर मशीनपासून सहा फुटांवर होता. गरम हवा वाटीतून तशीच पुढे जायची, टॉर्चच्या पाइपात थंड व्हायची आणि थेंब थेट आर्कवर, म्हणजे कापणाऱ्या विजेच्या ज्वाळेवर पडायचे. आर्क फुरफुरतो, इलेक्ट्रोडच्या टोकातल्या हाफ्नियम धातूला खड्डा पडतो, नोझलचं भोक अंडाकृती होतं आणि कट तिरका जातो. मे महिन्यात नागपूरच्या हवेत पाणीच नसतं, म्हणून कूलरही गार करतो आणि प्लाझ्माही चालतो.

उपाय भंगारातून केला. 25 फूट जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप भिंतीवरून फिरवला, कॉम्प्रेसरकडे उतार ठेवून. सगळ्यात खालच्या जागी एक कॉक. मशीनची लाइन पाइपाच्या वरच्या अंगाने काढली, म्हणजे बुडाशी वाहणारं पाणी आत शिरत नाही. नवा फिल्टर छातीच्या उंचीवर. सगळं मिळून 1,850 रुपये. गॅस चेकच्या बटणावर नुसती हवा सोडून टॉर्चपुढे आरसा धरला, आधी धुकं यायचं, आता कोरडा राहतो. सप्टेंबरच्या पावसातही जोडी दीड दिवस गेली.

नोझल खाण्यात माझ्या कंजूषपणाचाही वाटा होता. कट संपला की टॉर्चमधून काही सेकंद हवा येत राहते, ती मला वाया वाटायची. मी लगेच व्हॉल्व्ह बंद करायचो. ती हवा टॉर्च थंड करायला असते.

एकदा मात्र थोडक्यात वाचलो. मशीन चालू ठेवूनच नोझल बदलायची सवय होती. काही टॉर्चना नोझल धरून ठेवणारा कप काढला की करंट तोडणारी सोय असते, माझ्या टॉर्चला नाही. कपाला हात घालणार तेवढ्यात टॉर्च निसटून स्टुलावर आपटला, ट्रिगर दबला आणि कडकन ठिणगी उडाली. वेल्डिंगचं उघडं, म्हणजे आर्क पेटण्याआधीचं व्होल्टेज 60 ते 80, याचं 200 च्या वर. पावसाळ्यात हातमोजेही ओले. आता आधी प्लग काढतो, मग कप. हेल्परलाही ताकीद दिली आहे.

आणि जीआय पत्रा बंद शेडमध्ये कापू नका. एप्रिलमध्ये दिवसभर गोल काढले आणि रात्री थंडी वाजून ताप आला, तोंडात गोडसर धातूची चव. सकाळी उतरला. तो जस्ताचा धूर. दूध प्यायल्याने काही होत नाही, माझा आजवरचा दुधाचा खर्च फुकट गेला. आता दार उघडं, पंखा पाठीमागून. कूलरच्या घासाचे गठ्ठेही बाहेर हलवले, ठिणगी तीस-पस्तीस फूट सहज जाते.

जुलैत कोणी विचारलं असतं तर घेऊ नका म्हणालो असतो. आता घ्या म्हणतो, पण पाइपाचे पैसे धरून किंमत काढा. मूळचा फिल्टर मी काढून टाकला. ती वाटी फेकवली नाही, ग्राइंडरचे कार्बन ब्रश ठेवायला बरी आहे.