नोकरीसाठी बनवून घेतलेला केसांचा टोप: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जून महिन्यात मी गिरगावातील एका जुन्या कारखान्यात माझ्या मापाचा केसांचा टोप बनवून घेतला. साप्ताहिक सुट्टीचे दिवस आणि दोन आजारपणे वगळता तो तेव्हापासून रोज नऊ ते दहा तास माझ्या डोक्यावर आहे, त्यामुळे त्याच्या गुणदोषांविषयी खात्रीने लिहिता येईल इतका अनुभव आता गाठीशी आहे. कारखान्याचे नाव मी येथे देत नाही. तेथे दोनच कारागीर आहेत आणि ओळखीतून येणाऱ्या गिऱ्हाइकांपलीकडे काम घेणे त्यांना शक्य नसल्याने त्यांनी तशी विनंती केली होती. मात्र माप, जाळी, खर्च आणि निगा यांविषयीची माहिती अन्यत्र टोप घेणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल. त्याचबरोबर हा टोप मी का घेतला हेही सांगणे भाग आहे, कारण ते वगळले तर हे परीक्षण अर्धेच राहील.

मी पुण्यातील एका सराफी पेढीत चौदा वर्षे मंगळसूत्रांच्या काउंटरवर काम करते. तीन वर्षांपूर्वी माझ्या कानामागे नाण्याएवढी चाई पडली, पुढे आणखी तीन पडल्या आणि दीड वर्षात डोक्यावरचे सगळे केस गेले. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा केसांच्या मुळांवरच हल्ला करते तेव्हा हा विकार होतो. तो संसर्गाने पसरत नाही, त्याने कामाची ताकद कमी होत नाही आणि उपचारांचा गुण प्रत्येकाला सारखा येत नाही. मला डोक्याच्या त्वचेत दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचा गुण आला नाही. घरी मी रुमाल बांधत असे आणि पेढीतही गणवेशाच्या साडीला जुळणारा रुमाल बांधून उभे राहण्याची माझी तयारी होती. व्यवस्थापकांनी मला आत बोलावले आणि सौम्य आवाजात सांगितले, "ताई, इथे लोक लग्नाची खरेदी करायला येतात. समोर असं डोकं दिसलं की त्यांच्या मनात नको ते येतं." रुमाल गणवेशात बसत नव्हता. टोप घालायचा, नाहीतर खालच्या मजल्यावर मालाच्या नोंदी करायच्या, असे दोन पर्याय त्यांनी माझ्यापुढे ठेवले. दुसऱ्या पर्यायात काउंटरवरील विक्रीवर मिळणारी रक्कम बंद होणार होती, आणि ती माझ्या पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा होती.

"नको ते" म्हणजे काय, हे मराठी घरात वाढलेल्या बाईला विचारावे लागत नाही. आपल्याकडे बाईच्या केस नसलेल्या डोक्याला केशवपनाचा इतिहास चिकटलेला आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केस काढण्यास नकार दिला होता. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. ती प्रथा गेली, पण ती पाहण्याची नजर मंगळसूत्राच्या काउंटरपर्यंत येऊन पोहोचली आहे. आमच्याच पेढीत सोनसाखळ्यांच्या काउंटरवर बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला पंचविशीतच टक्कल पडले. ते उत्तम विक्रेते आहेत आणि त्यांना आजवर कोणीही आत बोलावून काही सांगितलेले नाही.

प्रथम मी आठ हजार रुपयांचा तयार कृत्रिम केसांचा टोप घेतला होता. तो विकत घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. सराफी दुकानातील दिवे दागिन्यांना उठाव यावा म्हणून मुद्दाम प्रखर ठेवलेले असतात आणि त्या उजेडात कृत्रिम केसांना एक प्रकारची काचेसारखी चमक येते, जी समोरच्याच्या लगेच लक्षात येते. आतली जाळी जाड शिवणीची असल्याने दुपारपर्यंत कपाळावर लाल वळ उठत, आणि मानेजवळचे केस साडीच्या पदराला घासून तीन महिन्यांतच गुंतून त्यांचा चोथा झाला. असा टोप एखाद्या समारंभापुरता चालेल, पण रोजच्या कामाचे ते साधन नव्हे.

गिरगावच्या कारखान्याचा पत्ता मला हौशी नाटकात काम करणाऱ्या एका नातेवाइकांनी दिला. तेथील वयस्कर कारागीर, ज्यांना सगळे काका म्हणतात, पूर्वी रंगभूमीसाठी टोप, गंगावने आणि दाढीमिशा बनवत असत. त्यांनी डोक्याचा घेर, कपाळापासून मानेपर्यंतची लांबी आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचे अंतर मोजले. मग डोक्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळून त्यावर चिकटपट्टीचे थर दिले आणि त्या साच्यावर माझ्या मूळ केसांची रेषा पेनाने काढली. माझे आजाराआधीचे फोटो त्यांनी मागून घेतले आणि भांगाची बाजू, कपाळावरचा छोटा भोवरा आणि कानशिलाजवळचे पांढरे केस यांची वहीत नोंद केली. मी अधिक दाट केसांची मागणी केली तेव्हा त्यांनी ती नाकारली. "ताई, दाट केस फोटोत छान दिसतात, माणसांत खोटे दिसतात. तुमच्या वयाला शोभतील तेवढेच लावू," असे ते म्हणाले. त्यांचे ते म्हणणे योग्य होते, हे मला नंतर पटले. टोप घेणाऱ्या प्रत्येकाने हा सल्ला मनावर घ्यावा.

टोपाच्या माथ्यावर पातळ, त्वचेचा रंग दिसू देणारी जाळी आहे, कपाळाच्या कडेला त्याहून नाजूक लेसची जाळी आहे, कानांच्या बाजूला ताणली जाणारी पट्टी आहे आणि मानेशी चिकटपट्टी बसावी म्हणून गुळगुळीत कड दिली आहे. माथ्यावरचा आणि कपाळावरचा एकेक केस बारीक आकडीच्या सुईने गाठ मारून बसवलेला असल्यामुळे भांग कोणत्याही बाजूला पाडता येतो आणि त्यातून खालची त्वचा दिसते. या कामाला पाच आठवडे लागले. केस खरे आहेत आणि ते तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेल्या केसांच्या लिलावातून व्यापाऱ्यांमार्फत येतात, असे काकांनी सांगितले. ते केस मुळाकडची बाजू एकाच दिशेला ठेवून लावलेले असतात, म्हणून ते सहसा गुंतत नाहीत. कोणा अनोळखी बाईने नवस फेडताना देवाला दिलेले केस मी नोकरी टिकवण्यासाठी डोक्यावर घेते, हा विचार पहिल्या काही आठवड्यांत मला रोज सकाळी आरशापुढे अस्वस्थ करत असे. त्या बाईविषयी आता माझ्या मनात कृतज्ञता आहे.

दिसण्याच्या बाबतीत या टोपाला मी पूर्ण गुण देईन. पहिल्याच आठवड्यात लेकीच्या लग्नाची खरेदी करायला आलेल्या एका बाईंनी मी कोणते तेल लावते असे विचारले. मी काहीतरी उत्तर दिले, त्यांनी दोन पदरी मंगळसूत्र घेतले आणि त्या समाधानाने गेल्या. व्यवस्थापकांनी त्या दिवशी माझे कौतुक केले. मला मात्र दिवसभर आपण कोणाची तरी फसवणूक केल्यासारखे वाटत राहिले, आणि ही भावना टोपाच्या किमतीत कोठेही धरलेली नसते.

वापरातील अडचणी अधिक सविस्तर सांगायला हव्यात, कारण विकणारे त्या सांगत नाहीत. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात हा टोप असह्य होतो. आत सुती टोपी घातली तर घाम शोषला जातो, पण टोप किंचित उचलला जातो आणि कपाळाची कड दिसू लागते. सर्व केस गेलेल्यांना चिमट्यांचा उपयोग नाही, कारण चिमटे अडकवायला स्वतःचे केस लागतात, म्हणून चिकटपट्टी वापरावी लागते. माझ्या मानेवर पहिल्या प्रकारच्या पट्टीने पुरळ उठले आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मी सिलिकॉनच्या पट्टीकडे वळले, जी महाग आहे पण त्रास देत नाही. दुचाकीवर हेल्मेट घातल्याने माथ्यावरच्या गाठी घासतात, त्यामुळे मी स्कूटर सोडून बसने जाऊ लागले आणि माझा रोजचा जवळपास पाऊण तास वाढला. पावसाळ्यात टोप भिजला तर रात्रभर स्टँडवर वाळवावा लागतो, आणि दुसरा टोप नसेल तर दुसऱ्या दिवशी रजा टाकण्यावाचून पर्याय राहत नाही. मी अशा दोन रजा टाकल्या आहेत.

धुण्याचे काम दर दहा-बारा दिवसांनी येते. थंड पाण्यात सौम्य शाम्पू मिसळून टोप न चोळता बुडवावा, कंडिशनर फक्त केसांच्या टोकांना लावावा आणि गाठींपासून दूर ठेवावा, नाहीतर गाठी सैल होऊन केस गळू लागतात. या केसांना डोक्याच्या त्वचेतील तेल मिळत नाही, म्हणून आठव्या महिन्यानंतर ते रुक्ष होऊ लागले, आणि उन्हाने त्यांचा काळा रंग तांबूस झाला. दहाव्या महिन्यात कपाळाची लेस एका बाजूला फाटली. काकांनी ती जोडून दिली, पण असा टोप रोज वापरला तर वर्ष-सव्वा वर्षापेक्षा जास्त टिकत नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच प्रामाणिकपणे सांगितले होते.

एकूण खर्च असा झाला: टोप बेचाळीस हजार रुपये, पट्ट्या, शाम्पू आणि स्टँड मिळून वर्षाला सुमारे नऊ हजार, दुरुस्ती पंधराशे. गणवेशाच्या साड्या पेढी देते, पायातल्या चपलांचे पैसे देते, पण टोप ही माझी वैयक्तिक बाब समजली जाते. येथे माझा मूळ आक्षेप आहे. जी वस्तू नसली तर मला माझ्या जागेवर उभे राहता येत नाही, ती वस्तू गणवेशाचाच भाग आहे आणि तिचा खर्च मालकाने करायला हवा. आणि जर ती गणवेशाचा भाग नसेल, तर ती घालायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार माझा असायला हवा.

कायद्याचा आधार शोधला तेव्हा निराशा झाली. राज्यघटनेतील सरकारी नोकरीतल्या समान संधीची हमी खाजगी पेढीला लागू होत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे आणि आम्लहल्ल्यातील पीडितांचा त्यात योग्यच समावेश आहे, पण चाईचा नाही. २०२२ च्या अखेरीस एअर इंडियाने विमानातील कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या नियमावलीत टक्कल पडू लागलेल्या पुरुषांनी रोज डोके तुळतुळीत करावे आणि पांढरे केस रंगवावेत, असे म्हटल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि त्या वाचून अनेकांना त्यात गैर काही वाटले नाही.

इतरत्र हा प्रश्न न्यायालयांपर्यंत पोहोचला आहे. एअर फ्रान्सचे कर्मचारी अबुबकर त्राओरे हे वेण्या घालून त्यांचा मागे अंबाडा बांधत असत. स्त्रियांना चालणारी ही केशरचना पुरुषांना नाही, असे सांगून कंपनीने त्यांना रोखले, आणि काही काळ त्यांनी वेण्या झाकण्यासाठी टोप घालून नोकरी केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने हा लिंगाधारित भेदभाव असल्याचा निर्णय दिला. त्यांच्या टोपाखाली केस होते आणि माझ्या टोपाखाली नाहीत, पण टोपाचे काम एकच होते. त्याच वर्षी ब्रिटनमधील रोजगार लवादाने एका कामगाराला त्याच्या टकलावरून शिवी देणे हा लिंगाशी संबंधित छळ ठरवला, कारण टक्कल पुरुषांत कितीतरी अधिक आढळते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केसांच्या नैसर्गिक पोतावरून आणि वेण्या किंवा जटांसारख्या रचनांवरून नोकरीत भेदभाव करण्यास कायद्याने मनाई केली, आणि त्याचा लाभ मुख्यतः कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना झाला.

ज्यांना स्वतःच्या आनंदासाठी किंवा आजारपणात धीर यावा म्हणून टोप हवा आहे, त्यांनी तयार टोपावर पैसे न घालवता मापाचा, खऱ्या केसांचा आणि कमी दाटीचा टोप घ्यावा. शक्य असेल तर दोन घ्यावेत. कारागिरीच्या दृष्टीने गिरगावच्या या टोपात खोट काढण्यासारखे काही नाही. भाचीच्या लग्नात मी तो हौसेने घातला आणि त्या दिवशी तो मला जड वाटला नाही. त्याच आठवड्यात कामावर तोच टोप घालताना हात जड झाले. वस्तू तीच होती, तिचे वजनही तेवढेच होते.

दोन आठवड्यांपूर्वी मी पेढीच्या मालकांना लेखी अर्ज दिला आहे. काउंटरवर गणवेशाच्या रंगाचा रुमाल बांधण्याची परवानगी द्यावी, किंवा टोप आवश्यकच असेल तर त्याचा खर्च पेढीने करावा, अशी त्यात विनंती आहे. सोनसाखळ्यांच्या काउंटरवरच्या सहकाऱ्यांनी त्यावर स्वतःहून सही केली. उत्तर अद्याप आलेले नाही. लेसच्या दुरुस्तीचे पंधराशे रुपयांचे बिल मी अर्जाला जोडले आहे.