शेडनेट ५० टक्के घ्यावी की ७५? गच्चीवरच्या बागेचा हिशेब

शेडनेट म्हणजे झाडांवर सावलीसाठी ताणायची जाळी. तिच्यावरचा आकडा ती किती ऊन अडवते ते सांगतो. ५० टक्क्यांची निम्मं ऊन खाली सोडते, ७५ची जेमतेम पाव. दुकानात बहुधा ७५चीच गळ्यात मारतात, कारण ‘सावली जितकी जास्त तितकं बरं’ असं गिऱ्हाइकालाही वाटतं.

भाजीपाल्यासाठी मी डोळे झाकून ५० म्हणेन. टोमॅटो, वांगी, मिरची ही उन्हावर पोसणारी मंडळी. त्यांच्यावर ७५ची जाळी ताणली की पेरं लांबतात, शेंडे उजेडाकडे धावतात, पाला भरपूर आणि फळ नावाला. पारा ३५च्या वर गेला की टोमॅटोची फुलं गळू लागतात हे खरं. पण त्याला औषध थोडी सावली आणि खेळता वारा, काळोख नव्हे. पालक-कोथिंबिरीलाही ५० पुरते. ७५ घ्यायची ती फर्न, अँथुरियम, नागवेल यांच्यासाठी. मोगरा, बोगनवेल, अडेनियम मात्र जाळीखाली घेऊच नका. पाणी वेळेवर द्या, ऊन ती झाडं बघून घेतील.

गावही बघावं लागतं. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ला टेकतो, तिथे वर ५०ची जाळी आणि पश्चिमेच्या अंगाला ७५चा उभा पडदा. झाडं करपतात ती दुपारी तीनच्या तिरप्या उन्हाने. कोकणात, गोव्यात हवा मुळातच दमट. तिथे चारी बाजू बंद केल्या तर बुरशीला आमंत्रण.

रंगाबद्दल थोडक्यात. हिरवी सगळीकडे मिळते. पांढरी उजेड पसरवून देते, त्यामुळे खालच्या पानांनाही तो पोचतो; भाज्यांना ती सरस, फक्त धुळीने मळते. काळी स्वतःच तापते, बुटक्या मांडवाला नकोच.

पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, दर्जात नको. यूव्ही प्रक्रिया, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांना तोंड देण्याची सोय, नसलेली जाळी थोड्याच काळात ठिसूळ होते, चिमटीत धरली की भुगा होतो आणि प्लास्टिकचा चुरा कुंडीत पडत राहतो. चपट्या पट्टीच्या जाळीपेक्षा गोल धाग्याची महाग, पण जास्त टिकते.

चार-सहा कुंड्याच असतील तर जुनी सुती साडी काय वाईट? फुकटात काम होतं. अडचण वाऱ्याची: वळवाच्या पहिल्या झोतात ती शिडासारखी फुगते आणि बांबूसकट आडवी होते. जाळीतून वारा निघून जातो.

काहीही घ्या, शेंड्यांपासून दोन-तीन फूट वर बांधा आणि कडा दुमडून मगच दोरी ओवा. जूनमध्ये आभाळ भरून राहू लागलं की जाळी उतरवा, पण ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी. सावलीला सरावलेली पानं भर उन्हात उघडी पडली तर भाजतात.