सीवॉलच्या नावाखाली ४२,६५० डॉलर गेले. चेक लिहिण्याआधी चेकवरचं नाव वाचा

लिहू की नको असं दीड वर्ष चाललं होतं. बायको म्हणते, कशाला आपली शोभा करून घेता. पण ज्या भामट्या कंत्राटदाराने मला फसवलं त्याचा फोन नंबर मी स्वतः ओळखीच्या दोन मराठी घरांना दिला होता, आणि त्यातल्या एकाचे ६,५०० डॉलर माझ्यामुळे बुडाले. म्हणून लिहितोय.

आधी हे सांगतो, म्हणजे हसणाऱ्यांना एकदाच हसून घेता येईल. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. अकरा वर्षं पाटबंधारे खात्यात आणि पुढे पंचवीस वर्षं न्यू जर्सीत काढली. रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, हा माझा रोजचा विषय होता, कंत्राटदारांची बिलं तपासण्यात हयात गेली. आणि निवृत्तीनंतर घरामागच्या ८० फुटी सीवॉलवर, म्हणजे कालव्याकाठच्या भिंतीवर, फसलो.

फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, लीपासून शार्लट काउंटीपर्यंत, कालवे खणून वसवलेली गावं आहेत. त्यातल्या एका गावात आमचं घर. गावाचं नाव वकिलाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. कालवा खणायचा, निघालेल्या मातीचा भराव टाकायचा, त्यावर प्लॉट पाडून विकायचे, अशी ही वसाहत. शेजारचं केप कोरल रोझेन बंधूंनी १९५७ पासून असंच उभं केलं, आणि त्यांची कंपनी पुढे फसव्या विक्रीसाठीच बदनाम झाली. म्हणजे या मातीला सवय आहे. भरावाची माती कालव्यात ढासळू नये म्हणून काँक्रीटच्या पॅनलची भिंत असते, वर कॅप, मागे जमिनीत गाडलेल्या ठोकळ्यांना टाय-रॉडने बांधलेली. कोकणात आपण धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतो, त्याचंच हे सडपातळ भावंड. पुंटा गोर्डा आयल्समध्ये ही भिंत शहर सांभाळतं आणि घरमालकांकडून दरवर्षी पैसे घेतं. आमच्याकडे भिंत ज्याची त्याची. घर घेताना एजंटने सूर्यास्त दाखवला, हे सांगितलं नाही.

२८ सप्टेंबर २०२२ ला इयन चक्रीवादळ आलं. दुपारी तीनच्या सुमारास कायो कोस्टा बेटावर धडकलं तेव्हा वारा ताशी १५० मैल. लोकांना वाटतं लाटांनी भिंती पाडल्या. लाट नंतरची. आधी पाऊस भिंतीमागच्या मातीत मुरतो, माती चिखलासारखी जड होते, आणि त्यातच वाऱ्याने कालव्यातलं पाणी उतरलं की भिंतीला समोरून असलेला टेकू जातो. मागचा लोंढा तिला ढकलतो. जुने टाय-रॉड गंजलेले असतील तर झालंच. आमच्या ८० फुटांपैकी ५२ फूट भिंत कालव्याकडे झुकली, कॅप तीन ठिकाणी तडकली, आणि मागे माणूस कमरेइतका उतरेल असा खड्डा पडला.

घराच्या विम्याने हात वर केले. सरकारी पूर विम्यातही सीवॉल बसत नाही, पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं. घर घेताना ते पान वाचा. मी वाचलं नव्हतं.

खरे कंत्राटदार तेव्हा देवासारखे झाले होते. चौघांना फोन केले. एक उचलेचना, दोघं म्हणाले २०२४ उजाडेल, चौथ्याने ९६,००० डॉलर सांगून वर अठरा महिने थांबायला सांगितलं. रोज सकाळी मी टेप घेऊन खड्डा मोजायचो. दर पावसागणिक तो दोन-तीन इंच घराकडे सरकत होता. ही मनःस्थिती लक्षात घ्या. सफाई देतोय म्हणाल, तर हो, देतोय.

जानेवारी २०२३ मध्ये तो आला. पिकअप, दारावर कंपनीचं नाव, पायात चिखलाचे बूट. त्याने काय केलं तर लोखंडी सळई घेतली आणि भिंतीमागे दर चार फुटांवर जमिनीत खुपसत गेला, प्रत्येक ठिकाणी किती खोल गेली ते पाटीवर खडूने लिहिलं. वीप होल, म्हणजे भिंतीतली पाणी निघून जायची भोकं, बुजलीत हे न विचारता सांगितलं. त्या सळईने माझा घात केला. छत्तीस वर्षांत मी माणसं अशीच पारखली होती: काम कळतं की नाही ते बघायचं. याला काम कळत होतं. काम कळणारा माणूसही चोर असतो, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

८० फूट, फुटाला ८५०, एकूण ६८,००० डॉलर. चाळीस टक्के आगाऊ, म्हणजे २७,२००. फ्लोरिडात कायदा आहे, कलम ४८९.१२६: दहा टक्क्यांहून जास्त आगाऊ घेतली तर कंत्राटदाराने ३० दिवसांत परमिटचा अर्ज करायचा आणि परमिट हातात आल्यापासून ९० दिवसांत काम सुरू करायचं. आमचे दहा टक्के म्हणजे ६,८००. हे मला आज तोंडपाठ आहे. तेव्हा ऐकलंही नव्हतं.

आता तो क्षण.

२४ जानेवारी, सकाळचे साडेदहा. स्वयंपाकघरातलं टेबल. करारावर लायसन नंबर छापलेला होता, तो मी आदल्या रात्री राज्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला होता. नंबर खरा, चालू, तक्रार एकही नाही. संकेतस्थळावरच्या नावात आणि करारावरच्या नावात एका शब्दाचा फरक होता. मी तो पाहिला. पाहिला आणि पुढे गेलो. मग मी चेक काढला, आणि नाव विचारल्यावर त्याने खिशातून एक चिठ्ठी टेबलावर सरकवली. तिच्यावर तिसरंच नाव. पिकअपवर एक, लायसनवर दुसरं, चेकवर तिसरं. ही चहाचा कप ठेवता ठेवता मराठीत म्हणाली, "अहो, नाव वेगळं का?"

त्याला मराठी कळत नव्हतं, त्यामुळे तो काही बोललाच नाही. उत्तर मी दिलं. मटेरियलचं खातं वेगळं ठेवतात, मोठ्या कामात तसंच असतं, असं मी तिला समजावून सांगितलं. चोराची वकिली मी केली, माझ्याच टेबलावर, माझ्याच बायकोपुढे, आणि तो शांतपणे चहा पीत होता. "गुड टी" म्हणाला.

तो चहा मला अजून जात नाही.

नाव वेगळं असेल तर पेन खाली ठेवा. कारण विचारू नका, कारण तुम्हीच शोधून द्याल. लायसनवर असलेल्या फोनवर स्वतः फोन करा, करारावरच्या नाही. मी नंतर केला. पलीकडे एक वयस्कर, सज्जन गृहस्थ होते, खरे लायसनधारक. त्यांचा लायसन नंबर हा माणूस वापरतोय हे त्यांना माझ्या आधी पाच जणांनी कळवलं होतं.

फेब्रुवारीत १,८५० रोख घेतले, सर्वे आणि कालव्याची खोली मोजायची म्हणून. पावती नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस काम झालं. तीन मुलं आली, पाण्यात पिवळा तरंगता पडदा बांधला, गाळ पसरू नये म्हणून बांधतात तो, आणि खड्ड्यात कापड अंथरून वाळूची पोती टाकली. मी वर कॅपवर उभा राहून फोटो काढले आणि कौतुकाने मंडळाच्या ग्रुपवर टाकले. नंबर मागितला त्या दोघांना तेव्हाच दिला. १० मार्चला त्याने परमिट नंबर पाठवला आणि पॅनल यार्डात स्लॉट धरायचा म्हणून १३,६०० मागितले. मी बँकेतून वायर केले. तो परमिट नंबर शहराच्या संकेतस्थळावर टाकायला दोन मिनिटं लागतात. मी जूनमध्ये टाकला. दोन मैलांवरच्या कुणाच्या तरी छपराचं परमिट निघालं.

२७,२०० अधिक १,८५० अधिक १३,६००. बेचाळीस हजार सहाशे पन्नास.

जूनमध्ये फोन बंद. करारावरच्या पत्त्यावर गेलो तर टपालपेट्या भाड्याने देणारं दुकान, शेजारी पिझ्झावाला. प्रमाणित टपालाने नोटीस पाठवा, असं सगळे सांगतात, आणि पाठवाच, कारण कायद्याला ती मागणी लेखी लागते. माझी परत आली. पाकीट न उघडता जपून ठेवलंय.

मग पोलीस. काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्याने कागद चाळले आणि म्हणाला, त्याने काही काम केलंय ना? पोती टाकली ना? मग हे सिव्हिल मॅटर, म्हणजे दिवाणी. मी म्हटलं, पोत्यांची किंमत दोनशे डॉलर नाही. तो म्हणाला, सर, ते न्यायाधीश ठरवतील. म्हणजे एक दिवसाचं काम आणि तो पिवळा पडदा कशासाठी होता ते तिथे कळलं. गुन्हा नोंदवून घेऊ नये यासाठीच. दुसऱ्यांदा वकिलाने काढून दिलेली कलमं घेऊन गेलो. या राज्यात विनालायसन कंत्राटदारी हा गुन्हा आहेच, आणि राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केलेली असताना केली तर तो थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, होतो. अधिकारी वेगळा होता. त्याने कलम माझ्यासमोर गूगल केलं. मग म्हणाला, इंटरेस्टिंग. केस नंबर दिला. त्याला आता वर्ष उलटून गेलं, इंटरेस्टिंगच्या पुढे काही नाही.

लायसन खात्याचं तर काय सांगू. तक्रार ऑनलाइन केली, १९ कागद जोडले. दोन महिन्यांनी पत्र आलं की जोडलेले कागद मिळाले नाहीत. पुन्हा पाठवले. सात महिन्यांनी निकाल: सदर लायसनधारकाचा या व्यवहाराशी संबंध नाही. अहो, तेच तर मी तक्रारीच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं! घरमालकांना भरपाई देणारा राज्याचा निधी आहे म्हणून तिकडे विचारलं. तो फक्त लायसन असलेल्या कंत्राटदाराने बुडवलं तर मिळतो. लायसनवाल्याने लुटलं तर पैसे, भामट्याने लुटलं तर शुभेच्छा. बँक म्हणाली, वायर तुम्ही स्वतःच्या सहीने केलीत. फोनवरची मुलगी पाच वेळा "आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन" म्हणाली. सहाव्या वेळी मी फोन ठेवला. प्रत्येक ठिकाणी माझं नाव स्पेल करून सांगायचं, पहिल्यापासून गोष्ट सांगायची, आणि प्रत्येक वेळी त्या टेबलापर्यंत आलो की समोरचा विचारायचा, मग तेव्हा तुम्हाला शंका नाही आली?

तेवढ्यात एक कार्यालय मात्र चोख निघालं. नादुरुस्त सीवॉलबद्दल शहराची नोटीस दाराला अगदी वेळेवर चिकटली.

रोख देऊ नका. वायरही देऊ नका. क्रेडिट कार्ड घेत नाही म्हणणाऱ्याला नमस्कार करा. परमिट मालकाच्या नावाने काढू म्हणाला तर तिथेच उठा, कारण मग कामाची जबाबदारी तुमची. खरा कंत्राटदार असला तरी पैसे देताना पॅनलवाल्याची आणि बाकी पुरवठादारांची लीन, म्हणजे घरावर बोजा चढवायचा हक्क, सोडल्याची सही मागा, नाहीतर त्याने त्यांचे बुडवले की ते तुमच्या घरावर बोजा चढवू शकतात. आणि वादळानंतर आपण होऊन दारात आलेला माणूस कितीही सळया खुपसू दे, भुलू नका.

शेजारी एक निवृत्त फायरमन राहतात. त्यांनी २०२३ चं पूर्ण वर्ष नुसती पोती टाकत काढलं, आणि २०२४ च्या वसंतात खरी बार्ज येऊन त्यांची भिंत झाली. मी त्यांना घाबरट म्हणायचो. निसर्गच्या वेळी श्रीवर्धनला आमच्या मेहुणीने सुद्धा तेच केलं होतं, पत्रेवाल्यांची रीघ लागली असताना तीन महिने ताडपत्रीखाली काढले. फोनवर मी तिला म्हणालो होतो, किती दिवस असं राहणार, देऊन टाक की ॲडव्हान्स.

ज्या मराठी घराचे ६,५०० गेले त्यांना मी पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. आता दिवाळीच्या कार्यक्रमात भेटलो की ते हवापाण्याबद्दल बोलतात.

आमचा खरा नंबर नोव्हेंबर २०२४ चा लागला होता, ८० फुटांचे ९१,२००. त्याआधीच सप्टेंबरअखेर हेलीन आणि ९ ऑक्टोबरला मिल्टन ही आणखी दोन वादळं आली, आणि रांग पुन्हा लांबली. खड्ड्याने लनाईच्या, म्हणजे मागच्या पडवीच्या, फरशीच्या दोन ओळी गिळल्यात. नव्या कंत्राटदाराने मागितलेली आगाऊ दहा टक्क्यांच्या आत आहे. चेक हिने लिहिला, करारावरचं, लायसनवरचं आणि चेकवरचं नाव बोट ठेवून ठेवून तीनदा वाचून. मी चहा केला.

तो पिवळा पडदा अजून आहे. मिल्टनच्या रात्री सुटून फायरमनच्या डॉकला अडकला होता, मी नायलॉनच्या दोरीने ओढून परत आणला आणि खांबाला बांधला. गेल्या आठवड्यात शहराची दुसरी नोटीस आली: परमिटशिवाय कालव्यात अडथळा, चौदा दिवसांत काढा. वकील म्हणतो, हात लावू नका, पुरावा आहे.