हनोईत रोजच्या वापराला होंडा वेव्ह अल्फा

नोकरीनिमित्त हनोईत आल्यावर जुनी वेव्ह अल्फा ही होंडाची दुचाकी घेतली. कडक उन्हाळा, पावसाळा आणि फेब्रुवारीतली चिकट भुरभुर, सगळं तिच्यावर काढलं. या शहरात रोज फिरायला मी हीच गाडी सुचवेन.

110 सीसी वर्गातलं इंजिन, चार गिअर, पण क्लच दाबायची भानगड नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, पायाने गिअर टाकायचा. आपल्याकडे ज्यांनी हिरो होंडाची स्ट्रीट चालवली असेल त्यांचा पाय लगेच बसेल. याची किंमत कळते ती संध्याकाळच्या गर्दीत. इथली गर्दी थांबत नाही, सरकत राहते. चौकात चहूबाजूंनी गाड्या येतात आणि जो तो वेग जरासा कमी-जास्त करून वाट काढतो. अशा वेळी कचकन ब्रेक मारणं सगळ्यात धोक्याचं, कारण मागच्याने तुमचा वेग धरूनच आपली वाट ठरवलेली असते. वेव्ह पहिल्या-दुसऱ्या गिअरवर माणसाच्या चालीने जाते, बंद पडत नाही.

वजन शंभर किलोच्या आत, हे रात्री उपयोगी पडतं. इथे बऱ्याच घरांत गाडी बैठकीच्या खोलीतच उभी करतात. दाराशी लोखंडी उतरण लावायची, गाडी आत ढकलायची, उतरण उचलून ठेवायची.

पेट्रोलची टाकी सीटखाली आणि लहान, चार लिटरही मावत नाही. पंपावर दर वेळी उतरावं लागतं. डिकी जवळपास नाहीच. पिशव्या पुढच्या हुकाला. रेनकोट मात्र इथलाच घ्या: हँडलवरून पुढे पसरणारा, हेडलाइटसमोर पारदर्शक तुकडा असलेला. मागे कोणी बसणार असेल तर दोन डोक्यांचाही मिळतो, फार उपयोगी.

दुरुस्तीची चिंता नाही. पदपथावर कॉम्प्रेसर घेऊन बसलेला मिस्त्री जवळपास असतोच.

जुनी गाडी घेताना नोंदणीचं निळं कार्ड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या आंतरराष्ट्रीय करारातला आहे, व्हिएतनाम 1968 चा मानतो. त्यामुळे स्थानिक परवाना काढाच. बिअरचा एक घोटही नको, मर्यादा शून्य आहे. 2025 पासून सिग्नल तोडला तर दुचाकीला 40 ते 60 लाख डाँग (व्हिएतनामचं चलन) दंड.

आता एकच अडचण. रिंग रोड 1 च्या, म्हणजे शहराच्या मध्यभागाभोवतीच्या रस्त्याच्या आत पेट्रोलच्या दुचाकी 1 जुलै 2026 पासून बंद करण्याचा पंतप्रधानांचा निर्देश जुलै 2025 मध्ये निघाला. तुमचं घर किंवा ऑफिस त्या पट्ट्यात असेल तर सध्या लागू असलेले नियम बघून घ्या आणि विजेवरची स्कूटरही चालवून बघा.