इंजिन खोलायला निघालो होतो, मिस्त्रीने आधी खिशातलं नाणं मागितलं

आधीच सांगतो, या गॅरेजला बोर्ड नाही. इंदूरच्या लोकमान्य नगरातून केसरबाग रोडकडे निघालं की एका निंबाखाली तीन-चार गाड्या पोट उघडून उभ्या दिसतात ना, तेच. मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी पाठवलं. ते वर्षानुवर्षं एकच स्कूटर चालवतायत, म्हणून गाडीच्या बाबतीत त्यांचं ऐकतो, बाकी कशात नाही.

माझी पल्सर १५०, २०१४ची, ६१ हजार किमी झालेली. आईला घेऊन ओंकारेश्वरला गेलो होतो, जाताना सगळं उताराचं म्हणून काही कळलंच नाही, येताना भेरूघाटात अर्ध्या चढावर गाडीने हात टेकले. म्हणजे इंजिन जोरात ओरडतंय, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा सहा हजारावर आणि स्पीड मात्र पस्तीसच्या वर जाईना, मागे ट्रकवाला हॉर्न देतोय, आई विचारतेय काय जळतंय रे. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही, जळक्या कागदासारखा. सिमरोलला चहा प्यायला थांबलो, अर्धा तास गाडी थंड केली, मग हळूहळू घरी.

याच्या आधी दोनदा मी दुसऱ्या एका ठिकाणी, नाव नको, क्लचची तक्रार घेऊन गेलो होतो आणि दोन्ही वेळा त्यांनी वायर खेचून दिली, पन्नास रुपये घेतले, झालं. तिसऱ्यांदा म्हणाले इंजिन खोलावं लागेल, साडेचार हजार धरून चला. मी तयारही झालो होतो.

निंबाखालच्या मिस्त्रीने पाना हातातच घेतला नाही. म्हणाला, "भिया, एक सिक्का दो." क्लच लिव्हर जिथे ब्रॅकेटला टेकतो तिथे, मुळाशी, त्याने नाणं सरकवायचा प्रयत्न केला. जाईचना. तिथे दोन-तीन मिलिमीटर ढिलाई हवी, म्हणजे लिव्हरच्या टोकाला साधारण एक-दीड सेंटीमीटर पोकळ हलला पाहिजे. माझा लिव्हर तबल्याच्या वादीसारखा ताणलेला. म्हणजे मी हात लावला नाही तरी क्लच सतत थोडासा दाबलेलाच, क्लचमधल्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरून इंजिनचा जोर चाकाकडे नेतात, त्या स्प्रिंगांना पूर्ण आवळताच येत नव्हत्या, मग त्या घसरणार नाहीत तर काय. आणि गंमत बघा, प्लेटा झिजत गेल्या की ही ढिलाई आपोआप कमी होते, म्हणजे वायर सैल करायची वेळ होती तेव्हा पैसे देऊन मी ती खेचवून घेत होतो.

मग विचारलं तेल कोणतं. इथे मात्र चूक माझीच. मागच्या महिन्यात लेव्हल कमी दिसली म्हणून घरात बायकोच्या स्कूटरची उरलेली बाटली होती ती ओतली. स्कूटरचा क्लच कोरडा, त्याच्या तेलाच्या बाटलीवर जासो एमबी (जासो म्हणजे तेलाचं जपानी मानांकन) लिहिलेलं असतं. मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडलेला, त्याला एमए किंवा एमए२ लागतं, नाहीतर तेल इतकं गुळगुळीत की प्लेटांना पकडच मिळत नाही. कारचं तेल ओतणाऱ्यांचंही अनेकदा हेच होतं. मी फोनमधला बाटलीचा फोटो दाखवला, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पोह्यांवर केचप घातलं.

त्याने वायर सैल केली, २०डब्ल्यू५० (हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा) एमए२ तेल भरलं आणि म्हणाला तीन दिवस चालवून या, खोलायची घाई नाही. सरळ गिऱ्हाईक परत पाठवलं! फरक पडला, पण पूर्ण नाही. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या स्पीडला एकदम रेस दिली की काटा अजून उडी मारायचा. तेव्हा कुठे त्याने गाडी खोलली.

मी स्टुलावर बसून सगळं पाहिलं, तो नाही म्हणत नाही हे एक बरं आहे. उजव्या बाजूचं कव्हर काढलं, स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत आणले. आतल्या स्टीलच्या दोन प्लेटा निळ्या पडलेल्या, तापून. काचेच्या तुकड्यावर ठेवली तर एक चक्क डुलत होती. फ्रिक्शन प्लेटा काळ्या, व्हर्नियर लावून त्याने जाडी दाखवली, नवीशी तुलना करून. क्लच बेलच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या भांड्याच्या, बोटांवर प्लेटांनी पाडलेल्या बारीक खाचा होत्या, सिग्नलला क्लच दाबूनही गाडी पुढे सरकायची आणि न्यूट्रल सापडायचं नाही ते या खाचांमुळे आणि त्या वाकड्या प्लेटेमुळे. कानशीने हलक्या हाताने खाचा साफ केल्या. खोल असत्या तर बेल बदलावी लागली असती, म्हणाला.

नव्या प्लेटा त्याने आदल्या रात्रीच इंजिन ऑइलमध्ये भिजत घातलेल्या, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात! कोरड्या बसवल्या तर पहिल्या मिनिटातच जळायला लागतात.

प्लेटा, स्प्रिंगा, गॅस्केट (कव्हरखालून तेल गळू नये म्हणून बसवतात ते), दोन वेळचं तेल, मजुरी धरून २,१८० रुपये. जुना सगळा माल पिशवीत घालून हातात दिला, आई अजून विचारतेय हे भंगार कशाला ठेवलंय.

आता तक्रार. तिसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये फरशीवर तेलाचा थेंब दिसला, कव्हरच्या खालून. परत गेलो, जुन्या गॅस्केटचा एक कपटा खरवडायचा राहून गेला होता. पैसे न घेता पुन्हा केलं, पण माझा अर्धा रविवार गेला. फोन तो कधीच उचलत नाही. आणि बोलतो जरा जास्त, चालवून पाहताना मी मागे बसलो होतो, परत येताना मला चालवायला दिली तर राजवाड्याच्या गर्दीतली माझी सवय, दोन बोटं कायम लिव्हरवर, ती पाहून मागून पाठीत टपली मारली, "उंगली हटाओ, भिया."

पाचपैकी चार. एक स्टार फोनचा कापलाय. सकाळी दहाच्या आत जा, नंतर नंबर लागत नाही, आणि खिशात नाणं ठेवा, त्याने माझं परत दिलं नाही.