ओहतानी, जज, रॉली की रामिरेझ? बेसबॉलमध्ये आपला खेळाडू निवडताना

बेसबॉल नव्याने बघू लागलेला माणूस सहसा आधी संघ शोधतो. भारतातून बघणाऱ्याने मात्र आधी खेळाडू धरावा, संघ त्याच्या मागून आपोआप येतो. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर प्रत्येकाचे १६२ सामने होतात. म्हणजे रोजच काही ना काही चालू. या गर्दीत एक चेहरा तरी ओळखीचा नसेल तर आठवड्याभरात कंटाळा येतो, हे मी अनेकांचं होताना पाहिलंय. तेव्हा कोणाला धरायचं, याचा हा हिशोब. आकडे २०२५ च्या हंगामापर्यंतचे आहेत आणि मतं सगळी माझी.

पहिला प्रश्न खेळाचा नाही, घड्याळाचा. हंगामभर न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, तर लॉस एंजेलिस आणि सिएटल साडेबारा तास. न्यूयॉर्क यांकीजचा घरचा सामना साधारण संध्याकाळी ७:०५ ला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे ४:३५. लॉस एंजेलिस डॉजर्सचा ७:१० चा सामना आपल्याकडे सकाळी ७:४० ला, पहिल्या चहाबरोबर. पूर्वेकडच्या संघांचे रविवारचे सामने मात्र बऱ्याचदा दुपारी असतात आणि ते आपल्याला रविवारी रात्री अकराच्या सुमारास मिळतात. २०२३ पासून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, प्रत्येक चेंडूसाठी घड्याळ लावल्यामुळे सामना साधारण पावणेतीन तासांच्या आत आटोपतो, हा मोठाच दिलासा. पुढचं सगळं वाचताना हे वेळापत्रक डोक्यात असू द्या. पहाटे साडेचारला उठून बघण्याइतकं प्रेम पहिल्या महिन्यात कोणावरच बसत नाही.

सुरुवात अर्थात शोहेई ओहतानीपासून. बेसबॉल न बघणाऱ्यांनीही हे नाव ऐकलेलं असतं. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला ऑलराउंडरचं नवल वाटत नाही, त्यामुळे ओहतानी एवढं काय वेगळं करतो हेच आधी कळत नाही. बेसबॉलमध्ये पिचर आणि बॅटर या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. २०२२ पासून तर मेजर लीगच्या दोन्ही भागांत, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल लीगांत, पिचरच्या जागी बॅटिंगला दुसराच खेळाडू येतो, त्यामुळे पिचरने बॅट हातात घेण्याचा प्रश्नच उरलेला नाही. जुन्या काळातल्या बेब रूथने दोन्ही केलं, पण पुढे त्यानेही पिचिंग सोडून दिली. ओहतानी मात्र दोन्हीकडे वरच्या दर्जाचा. २०२१, २०२३, २०२४ आणि २०२५ अशी चार वर्षं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि चारही वेळा एकमताने. त्यातल्या २०२४ मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे त्याने पिचिंग केलीच नव्हती. नुसत्या बॅटिंगवर त्या वर्षी ५४ होम रन (आपल्या षटकारासारखे, चेंडू थेट सीमेपार) आणि ५९ बेस चोऱ्या (पिचर चेंडू टाकत असताना धावून पुढचा बेस गाठणं). एकाच हंगामात दोन्हीकडे पन्नाशी गाठणारा तो पहिलाच.

त्याचा एकच सामना बघायचा असेल तर १७ ऑक्टोबर २०२५ चा बघा, मिलवॉकीविरुद्धचा. आपल्याकडे तेव्हा धनत्रयोदशीची सकाळ होती. पहिल्या इनिंगमध्ये (सामन्यात अशा नऊ असतात) त्याने पिचर म्हणून तीन बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू मैदानात मारू न देताच बाद केले, लगेच बॅट घेऊन आला आणि होम रन मारला. पुढे आणखी दोन मारले, त्यातला एक उजवीकडच्या प्रेक्षागृहाच्या छपरावरून पार झाला. पिचिंगमध्ये दहा स्ट्राइकआउट, एकही रन न देता. त्याच सामन्याने डॉजर्स वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगांच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, पोचले.

मग प्रश्न कुठे आला? ओहतानीला धरणं फार सोपं आहे, हाच प्रश्न. डॉजर्स वर्ल्ड सिरीज २०२४ मध्येही जिंकले, २०२५ मध्येही जिंकले. पैसा पाण्यासारखा वाहतो. ओहतानीचा करारच १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा, आणि त्यातले ६८ कोटी त्याने करार संपल्यानंतर घ्यायचं कबूल केलंय, म्हणजे आज संघाच्या हातात इतरांसाठी पैसा मोकळा. अशा संघाच्या बाजूने जीव टांगणीला लागायला फारसं काही उरत नाही. २०२५ ची सातव्या सामन्यापर्यंत गेलेली वर्ल्ड सिरीज हा सन्माननीय अपवाद, पण तिथे खरा भाव खाऊन गेला डॉजर्सचाच पिचर योशिनोबू यामामोटो. सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकून दुसऱ्याच दिवशी पठ्ठ्या पुन्हा पिचिंगला उभा! शिवाय पिचिंग नसलेल्या दिवशी ओहतानी क्षेत्ररक्षणाला उतरत नाही. चार-पाच वेळा बॅटिंगला येतो, बाकी वेळ डगआउटमध्ये. दिवसभर एका माणसावर नजर ठेवायची सवय असलेल्याला हे खटकतं.

ॲरन जजचं उलट. सहा फूट सात इंचाचा हा माणूस यांकीजच्या आउटफिल्डमध्ये उभा असतो, त्यामुळे तो सतत दिसतो. आकडे बघितले तर निव्वळ बॅटर म्हणून तो ओहतानीच्या वर आहे, हे मी बिनदिक्कत म्हणेन. २०२५ मध्ये ५३ होम रन आणि सरासरी .३३१. म्हणजे दहातल्या तीनपेक्षा जास्त वेळा हिट (चेंडू मारून बेस गाठणं), जेव्हा लीगची सरासरी दहाला अडीचच्याही खाली आहे. एवढे होम रन मारणारे सहसा तितकेच बादही होतात. जजने ते गणितच मोडलं. २०२२ मध्ये त्याने ६२ होम रन मारून रॉजर मॅरिसचा अमेरिकन लीगमधला १९६१ चा विक्रम मोडला. यांकी स्टेडियममध्ये त्याच्यासाठी न्यायालयासारखा लाकडी कठडा लावलेला एक विभागच आहे, तिथे लोक काळे झगे घालून बसतात. आडनावाचा एवढा उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

पण जज म्हटलं की ऑक्टोबरमधली बाद फेरी आठवते. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. यांकीज ५-० ने पुढे, जजने होम रन मारलेला, आणि पाचव्या इनिंगमध्ये त्याच्याच हातून एक साधा झेल सुटला. मग एक चुकीचा थ्रो, मग पिचर पहिल्या बेसवर धावलाच नाही; बघता बघता ५-५. सामना गेला, सिरीजही गेली. पुढच्या वर्षी टोरंटोविरुद्ध त्याने अंगावर येणारा, जवळपास १०० मैल वेगाचा चेंडू डावीकडच्या खांबावर आदळवून सामना बरोबरीत आणला. मैदानाच्या हद्दीवरच्या त्या खांबाला चेंडू लागला की होम रन धरतात. तो सामना यांकीज जिंकले आणि दुसऱ्या दिवशी हरून घरी गेले. यांकीजनी २००९ नंतर विजेतेपद पाहिलेलं नाही. न्यू जर्सीत भाऊ-बहीण किंवा लेक राहत असेल तर जज धरायला हरकत नाही. फोनवर बोलायला विषय मिळतो आणि कधी तिकडे गेलात तर सामनाही बघता येतो. नाहीतर पहाटे ४:३५ हा आकडा मी पुन्हा एकदा आठवून देतो.

न्यूयॉर्कच्याच मेट्सकडचा हुआन सोटो थोडक्यात उरकतो. १५ वर्षं, ७६.५ कोटी डॉलर, म्हणजे रकमेत ओहतानीपेक्षाही मोठा करार. त्याची खरी करामत चेंडू सोडण्यात आहे. २०२५ मध्ये १२७ वेळा तो नुसता वॉकवर, म्हणजे चार बाहेरचे चेंडू सोडून फुकटात, पहिल्या बेसला गेला. चेंडू सोडला की पाय पसरून पिचरकडे बघत एक छोटासा नाच करतो. कसोटी क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्याचं ज्यांना कौतुक वाटतं, त्यांना सोटो आवडेल. बाकीच्यांनी त्याच्या वाट्याला जाऊ नये.

आता माझ्या दृष्टीने खरी लढत आहे ती कॅल रॉली आणि होसे रामिरेझ यांच्यात.

रॉली सिएटल मरिनर्सचा कॅचर. कॅचर म्हणजे अंगावर चिलखत चढवून प्रत्येक चेंडूला उकिडवा बसणारा माणूस. गुडघे जातात, बोटं सुजतात, बॅट चुकून अंगावर आदळते. म्हणून कॅचरकडून बॅटिंगची अपेक्षा बेताचीच असते. एका हंगामात मुख्यतः कॅचर म्हणून खेळणाऱ्याचा होम रनचा विक्रम ४८ होता. रॉलीने २०२५ मध्ये ६० मारले. साठी गाठणारे इतिहासात तो धरून सातच. त्यात तो उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही बाजूंनी बॅटिंग करतो आणि अशा बॅटरांमधला मिकी मँटलचा ५४ चा विक्रमही त्याने मोडला. त्या वर्षीच्या होम रन डर्बीत, म्हणजे नुसते होम रन मारायच्या स्पर्धेत, त्याला चेंडू टाकत होते वडील आणि मागे कॅचर म्हणून बसला होता धाकटा भाऊ. घरच्यांच्या मदतीने जिंकला! बाकी त्याचं टोपणनाव त्याच्या पृष्ठभागाच्या आकारावरून पडलंय आणि तो ते हसून मिरवतो. असा खेळाडू आवडायला वेळ लागत नाही.

मरिनर्स आजवर वर्ल्ड सिरीजमध्ये एकदाही पोचलेले नाहीत. सध्याच्या ३० संघांत असा हा एकटाच. २०२५ मध्ये ते आठ आउट दूर होते. लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना, समोर टोरंटो, मरिनर्स ३-१ ने पुढे, त्यातला एक होम रन रॉलीचा. सातव्या इनिंगमध्ये टोरंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन रनांचा होम रन मारला आणि खेळ खलास. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाची सकाळ होती ती. सिएटलच्या आसपास सॉफ्टवेअरवाल्या मराठी मंडळींची मोठी वस्ती आहे. त्यांच्या त्या दिवशीच्या फराळाची चव काय असेल याची कल्पना करा. रॉलीच्या विरोधात एकच मुद्दा: सरासरी .२४७ आणि ढिगाने स्ट्राइकआउट. चार वेळा येईल, तीनदा मान खाली घालून परतेल, चौथ्यांदा चेंडू गॅलरीत. ते चालत असेल तर घरच्या सामन्यांची वेळही सोयीची आहे, आपल्याकडे सकाळी सात-साडेसात.

रामिरेझ क्लीव्हलँड गार्डियन्सचा थर्ड बेसमन, म्हणजे तिसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानीचा, उंची पावणेसहा फूट, साधारण आपल्या शेजाऱ्याएवढी. २०१३ पासून एकाच संघात. २०२२ मध्ये बाजारभावापेक्षा कितीतरी कमी रकमेवर सही करून तो क्लीव्हलँडमध्येच राहिला, आणि हा संघ पैशाच्या बाबतीत डॉजर्सच्या आसपासही फिरकत नाही. तोही दोन्ही बाजूंनी बॅटिंग करतो. त्याची खासियत धावण्यात आहे. सिंगल मारला की पहिल्या बेसवर थांबायचं, हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही. आउटफिल्डरने चेंडू उचलताना किंचित आळस केला की हा दुसऱ्या बेसकडे निघालेला असतो आणि अर्ध्या वाटेत डोक्यावरचं हेल्मेट उडून पडतं. २०२५ मध्ये, तिशी कधीच ओलांडलेली असताना, ४४ बेस चोऱ्या.

२०२४ चा शेवट तर खास त्याच्याच नशिबाचा. ४१ चोऱ्या झालेल्या, ३९ होम रन झालेले. चाळीस-चाळीसला एक होम रन हवा आणि एक सामना शिल्लक. तो पावसात वाहून गेला. निकालाने क्रमवारीत काही बदलणार नव्हतं, म्हणून पुन्हा खेळवलाच नाही. एकोणचाळीसवरच राहिला.

क्लीव्हलँडचं शेवटचं विजेतेपद १९४८ चं, सध्या लीगमधला सगळ्यात मोठा दुष्काळ. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ३-१ ने आघाडीवर असताना ते शिकागो कब्जकडून हरले, तेव्हाही रामिरेझ संघात होता. पण हा संघ मरता मरत नाही. २०२५ च्या जुलैत डेट्रॉइटपेक्षा साडेपंधरा सामने मागे होते आणि तरी गट जिंकला.

पॉल स्कीन्सचं नाव घेतल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. हवाई दलाच्या अकादमीतला माजी कॅडेट, पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर. २०२५ मध्ये नऊ इनिंगमागे सरासरी दोन रनही दिले नाहीत, १.९७. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने, आणि तरीही जय-पराजय १०-१०, कारण त्याच्यासाठी रन काढणारं कोणी नव्हतं. पायरेट्स म्हणजे २००८ मध्ये रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन मुलांना करारबद्ध करणारा संघ, एवढा भारताशी धागा. स्कीन्स पाच-सहा दिवसांतून एकदाच पिचिंग करतो, २०२५ च्या हंगामात ३२ वेळा. ज्याला आठवड्यातून एकच सामना झेपतो, त्याला हा फायदाच आहे. भारतीय रक्ताचाच पिचर हवा असेल तर टेक्सास रेंजर्सचा कुमार रॉकर आहे, आईकडून भारतीय. पण नुसत्या नावासाठी कोणाला धरू नये. त्याला अजून बरंच सिद्ध करायचंय.

तर निवड. क्रिकेटशिवाय काहीच बघितलेलं नसेल, नियमही माहीत नसतील, तर एक महिना ओहतानी. वेळ सोयीची, चर्चा भरपूर, आणि पिचिंग-बॅटिंग दोन्ही एकाच माणसाकडून शिकायला मिळतं. सकाळी ऑफिसला जाण्याआधी बघणार असाल आणि हरण्याची तयारी असेल तर रॉली. जज फक्त पहाटे उठणाऱ्यांसाठी किंवा तिकडे नातेवाईक असणाऱ्यांसाठी. मी स्वतः रामिरेझचा. त्याला निवडलात तर रविवारी रात्री अकराच्या सुमारासचा सामना शोधा आणि पहिल्यापासून नवव्या इनिंगपर्यंत सलग बघा. यूट्यूबवरच्या पाच मिनिटांच्या क्षणचित्रांवर भागवू नका. तिथे होम रन तेवढे दाखवतात, आणि तो सिंगलवर दुसरा बेस कसा काढतो ते हमखास कापलेलं असतं.