जुन्या लॅपटॉपसाठी क्रुशल बीएक्स५००: घ्यावी की नाही?

संगणक संथ झाला की ‘एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी, फिरते भाग नसलेली साठवण) टाकून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो; परंतु पैसे खर्च करण्यापूर्वी हा संथपणा नेमका कुठून येतो, हे पाहणे आवश्यक आहे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडावा, ‘परफॉर्मन्स’ हा भाग निवडावा आणि संगणक अडखळत असतानाच डिस्कचा आकडा पाहावा. तो १०० टक्क्यांवर अडकलेला असेल आणि प्रोसेसर मात्र जवळपास रिकामा असेल, तर दुखणे डिस्कचेच आहे. आमच्या घरातील चौथ्या पिढीच्या कोअर आय५ लॅपटॉपची अवस्था अशीच होती, म्हणून त्यातील ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क काढून ४८० जीबीची क्रुशल बीएक्स५०० ही एसएसडी बसवली.

फरक पहिल्याच वेळी जाणवला. विंडोज सुरू होऊन प्रत्यक्ष काम करता येईपर्यंत पूर्वी काही मिनिटे जात असत. आता अर्ध्या मिनिटाच्या आत ब्राउझर उघडलेला असतो. या फरकाचे श्रेय खोक्यावर छापलेल्या सेकंदाला ५४० एमबी या वाचनवेगाला दिले जाते, ते मला पटत नाही. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एका फेरीसाठी सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली (माहिती वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. हेड योग्य ठिकाणी सरकण्याचा वेळ त्यात मिळवला, तर प्रत्येक नव्या ठिकाणची माहिती हाती येण्यास १५ मिलिसेकंदांच्या आसपास जातात. अशा डिस्कला सेकंदाला साठ-सत्तर ठिकाणीच जाता येते, आणि विंडोज सुरू होताना तर हजारो लहान लहान फाइली वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने हीच प्रतीक्षा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत खाली येते. म्हणूनच २०११ पूर्वीच्या, सॅटाची (डिस्क संगणकाला जोडण्याच्या प्रचलित पद्धतीची) सेकंदाला ३ गिगाबिटांचीच जोडणी असलेल्या संगणकावर वाचनवेग निम्म्यावर आला, तरी रोजच्या वापरातील लाभ बव्हंशी टिकून राहतो.

आता या ड्राइव्हच्या मर्यादा. बीएक्स५०० ही क्रुशलची स्वस्तातली मालिका असून तिच्यात स्वतंत्र डीरॅम (कोणती माहिती कुठे आहे याची नोंद ठेवणारी जलद मेमरी) नाही. लिहिण्याचा वेग टिकवण्यासाठी ती माहिती साठवणाऱ्या आपल्याच काही पेशी तात्पुरत्या साठ्यासारख्या वापरते आणि हा साठा भरला की वेग झपाट्याने घसरतो. पत्रव्यवहार, हिशेब, ब्राउझर, मराठी टंकलेखन अशा कामांत हे कधीच लक्षात येत नाही; परंतु लग्नसमारंभाचे काही तासांचे चित्रीकरण एका दमात ड्राइव्हवर उतरवू लागल्यास ती दमते, हे स्पष्टपणे दिसते. ज्यांचे रोजचे काम व्हिडिओ संपादनाचे आहे, त्यांनी सॅमसंग ८७० इव्होसारखी डीरॅम असलेली ड्राइव्ह घ्यावी. तिच्या ५०० जीबीच्या नगाला ५ वर्षे किंवा ३०० टेराबाइट लेखन एवढी हमी आहे. बीएक्स५००च्या ४८० जीबीला ३ वर्षे किंवा १२० टेराबाइट. हा दुसरा आकडा छोटा वाटला, तरी रोज २० जीबी लिहिले तर तो संपायला १६ वर्षे लागतील. त्यामुळे ‘एसएसडी लवकर झिजते’ या भीतीने घरगुती वापरकर्त्याने थांबण्याचे कारण नाही.

खरेदीपूर्वीचा सर्वांत कठीण प्रश्न मला वेगळाच वाटतो. विंडोज १०चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर व टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. आमच्यासारखा लॅपटॉप असेल, तर एसएसडी बसवून तो वेगवान होईल, पण अधिकृतपणे विंडोज ११ त्यावर येणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरण्याची तयारी असेल, तर हा खर्च निश्चित सार्थ आहे. बँकेचे व्यवहार त्याच संगणकावर होत असतील आणि विंडोजच हवे असेल, तर मी नव्या संगणकासाठी पैसे राखून ठेवण्याचा सल्ला देईन. मेमरी (रॅम) ४ जीबीच असेल, तर ती शक्य असल्यास त्याच वेळी ८ जीबी करावी. अन्यथा भरलेल्या मेमरीचा भार ड्राइव्हवर पडत राहतो.

बसवणे अवघड नाही. ड्राइव्ह अडीच इंची आणि ७ मिलिमीटर जाडीची आहे, त्यामुळे साडेनऊ मिलिमीटरच्या जुन्या खाचेत ती सैल बसू नये म्हणून पट्टी लावावी लागते. लॅपटॉपमध्ये एम.२ची (पट्टीसारख्या छोट्या ड्राइव्हची) खाच असल्यास आणि तशी ड्राइव्ह घ्यायची असल्यास ती खाच सॅटाची आहे की एनव्हीएमई या अधिक वेगवान जोडणीची, हे आधी तपासावे, कारण दोन्ही ड्राइव्ह दिसायला सारख्याच असतात. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत क्लोनझिला या मोफत प्रणालीने करता येते, तरी अनेक वर्षांचा गाळ साचलेला असेल, तर विंडोज नव्याने टाकणेच मी पसंत करेन.

काढलेली हार्ड डिस्क दुकानदाराकडे सोडून येऊ नये. एसएसडी बिघडते तेव्हा खडखड किंवा मंदपणा अशी पूर्वसूचना बहुधा मिळत नाही, आणि ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा लगेच मोकळी करण्याची सोय) सुरू असल्यामुळे चुकून पुसलेली फाइलही सहसा परत मिळत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जुन्या डिस्कची प्रकृती ‘गुड’ दिसत असेल, तर तिला यूएसबी केसमध्ये घालून घरातील छायाचित्रांची व कागदपत्रांची दुसरी प्रत तिच्यावर ठेवावी.